पाच मिनिटांची कुदळ

वर्ध्याहून नागपूरकडे बस निघाली की थोड्याच वेळात पवनार येतं. खाली धाम नदी, काठावर टेकडी, टेकडीवर आश्रम. रोज अप-डाउन करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांनी ही नदी शेकडो वेळा ओलांडली असेल, तीही बहुतेक वेळा मोबाईलमध्ये मान घालून! ७ मार्च १९३८ ला एक मोटार अशीच ही नदी ओलांडून टेकडीकडे गेली. आत ४२ वर्षांचा एक माणूस होता. त्याचं वजन होतं ८८ पौंड, म्हणजे धड चाळीस किलोही नाही.

हा माणूस म्हणजे विनोबा भावे. आपल्याला ते माहीत असतात ते पांढऱ्या दाढीचे, भूदानवाले, स्पर्धा परीक्षेत एका मार्काला येणारे. पण त्यांच्या तब्येतीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे.

विनोबांची प्रकृती पहिल्यापासून नाजूकच. ११ सप्टेंबर १८९५ चा जन्म, गाव कोकणातलं गागोदे. १९१६ मध्ये कॉलेज सोडून ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक वर्षाची सुटी मागितली. वाईला राहून संस्कृत शिकायचं होतं, हे एक कारण. दुसरं कारण बिघडलेली तब्येत.

या वर्षाचा हिशेब त्यांनी नंतर गांधीजींना पत्रातून कळवला होता. आधी रोज दहा-बारा मैल चालणं. मग सहा ते आठ शेर धान्य जात्यावर दळणं. ज्यांच्या घरात अजून जातं आहे त्यांनी एकदा शेरभर दळून बघावं, म्हणजे हे काय प्रकरण आहे ते कळेल. त्यानंतर रोज ३०० सूर्यनमस्कार. खाण्याचेही प्रयोग सुरूच होते. केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिलं, तर अंगातली ताकद कमी झाली, तेव्हा ते बंद केलं. मला हा भाग फार आवडतो. स्वतःच्या शरीराचं ऐकायचं आणि प्रयोग फसला तर तो फसला हे सरळ मान्य करायचं. वर्ष संपलं आणि ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर!

१९२१ मध्ये ते वर्ध्याला आले आणि वर्ध्याचेच झाले. पुढं नालवाडीला राहू लागले. तिथं त्यांनी स्वतःला एक अवघड अट घातली. सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यातच भागवायचं. सूत कातणाऱ्याची मजुरी ती किती असणार? तासन्‌तास कातायचं आणि खायचं जेमतेम. विचार मोठा होता, पण शरीर शेवटी शरीरच. ते खंगत गेलं.

सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं. माझ्याजवळ राहा, मी शुश्रूषा करतो, असं त्यांचं म्हणणं. विनोबांनी ते साफ नाकारलं. तुमच्यामागं पन्नास कामं, त्यात पन्नास रोगी, माझ्या वाट्याला काय येणार, असा त्यांचा सूर होता. मग डॉक्टरला दाखव, तर त्यालाही नकार. हवापालटासाठी नैनिताल, मसुरी अशी थंड हवेची ठिकाणं सुचवून झाली. शेवटी विनोबांनीच जागा सांगितली. जमनालाल बजाजांचा पवनारच्या टेकडीवर बंगला होता, तो रिकामाच होता. तिथं जातो म्हणाले. गांधीजी कबूल झाले, पण एका अटीवर. आश्रमाची, कामाची एकही चिंता बरोबर न्यायची नाही.

(डॉक्टरला नकार देण्याचं अनुकरण मात्र कृपया करू नका. पुढं डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिलला मलेरियानं गाठलं, तेव्हाही विनोबा आधी औषध घेईनात. लोकांनी फार विनवल्यावर घेतलं, आणि वाचले.)

तर त्या दिवशी मोटार धाम ओलांडत असताना विनोबांनी मनाशी तीनदा म्हटलं की मी सगळं सोडलं आहे. संन्यास घेताना म्हणतात तसं. आपण हॉस्टेलवरून घरी जातो तेव्हा बॅगेबरोबर बॅकलॉग, सबमिशन, ग्रुपवरची भांडणं असं सगळं घेऊन जातो. या माणसानं ओझं नदीच्या अलीकडेच ठेवलं आणि मोकळ्या डोक्यानं पलीकडे उतरला. धामच्या पलीकडची जागा म्हणून तिचं नाव ठेवलं परंधाम.

मग काय केलं? आवारात फिरायचं आणि कुदळ घेऊन जमीन खणायची. पहिल्या दिवशी किती वेळ खणलं, तर फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यात थोडी भर, तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. मध्ये क्षणभर थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा खणायचं. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून पहिल्याच दिवशी दीड तास घाम गाळणारे आणि चौथ्या दिवशी अंग दुखतं म्हणून गादीवर पडणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. कुणी आरशातही सापडेल. विनोबांना घाई नव्हती. पाच मिनिटांनी काय होणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. खणण्याची वेळ वाढत वाढत तासांच्या हिशेबात गेली. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर पोहोचलं. म्हणजे ५८ किलो, तब्बल ४० पौंडांची भर!

या खणण्यातून आणखीही काही हाती लागलं. पवनार हे जुनं गाव. वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींसारख्या संशोधकाचं मत होतं. त्यामुळं इथल्या मातीत मूर्ती निघतात. विनोबांना सापडली ती राम आणि भरत यांच्या भेटीची. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. ही मूर्ती त्यांनी तिथंच बसवली.

तब्येत सावरली ती वेळेवरच म्हणायची. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू करायचा ठरला तेव्हा गांधीजींनी देशातून पहिलं नाव निवडलं ते विनोबांचं. १७ ऑक्टोबरला पवनारलाच भाषण करून त्यांनी सुरुवात केली, चार दिवसांनी अटक झाली. त्यानंतरची वर्षं बरीचशी तुरुंगात गेली.

आणि १९५१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते चालत निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं, तिथं जायला त्यांनी गाडी घेतली नाही. त्याच प्रवासात १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि चालणं काही थांबेना. पहाटे अंधारात उठायचं, दहा-बारा मैल चालायचं, पुढच्या गावी सभा. पोटात अल्सर होता, त्यामुळं आहार दूध, दही, मध असा अगदी मोजका. असं तेरा वर्षं चाललं, उन्हात, पावसात, थंडीत.

एप्रिल १९६४ मध्ये ते परत पवनारला पोहोचले. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते, आणि १९३८ मध्ये मोटारीनं आणावं लागलेला हा माणूस देशभर पायी हिंडून आला होता.