पातळ पत्र्याची ढाल

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९०६ साली एका शेतकऱ्याच्या घरी फ्रेड व्हिपल यांचा जन्म झाला. टेनिसपटू होण्याची त्यांची मनीषा पोलिओमुळे विफल झाली. पण ते खचले नाहीत. खगोलशास्त्रज्ञ होऊन त्यांनी उल्कांचा अभ्यास आरंभला.

अंतराळातील धूलिकण बंदुकीच्या गोळीहून कितीतरी वेगवान असतात. ते यानाला भोके पाडू शकतात; आणि कवच जाड करावे, तर यानाचा भार वाढतो. मानवाने एकही उपग्रह सोडला नव्हता, त्या काळी, १९४६ साली, व्हिपल यांनी उपाय सुचवला. यानाच्या भिंतीपुढे थोडे अंतर राखून पातळ पत्रा बसवावा. कण त्यावर आदळून स्वतःच फुटतो; त्याचा चुरा पसरतो आणि भिंत बचावते.

२००४ साली व्हिपल निवर्तले. परंतु आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील माणसांना आजही त्यांच्याच ढालीचे संरक्षण लाभले आहे.