विरजणाची परतफेड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात बिअर तयार करण्याची विद्या एखाद्या घराण्याच्या गायकीसारखी जपली जात असे. बार्लीला मोड किती दिवस आणायचे, पाणी किती तापवायचे, मिश्रण कोणत्या क्षणी थंड करायचे, हे बाप मुलाला शिकवी. परक्याला भट्टीच्या आत पाऊल टाकू दिले जात नसे. कार्ल्सबर्ग या जगप्रसिद्ध बिअरचे जनक याकोब क्रिश्चन याकोबसेन मात्र ही विद्या शिकले ते एका परक्याच्या औदार्यामुळे. ते ऋण त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवले आणि व्याजासह फेडले.

याकोबसेन यांचा जन्म २ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील ख्रिस्तेन हे जटलंडमधील शेतकरी कुटुंबातून राजधानीत आलेले आणि स्वकष्टाने बिअरच्या भट्टीचे मालक झालेले गृहस्थ. हाताच्या स्पर्शावरून पाण्याची उष्णता ठरवण्याच्या त्या काळात ते तापमापक वापरीत. मुलाचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. परंतु विद्युतप्रवाहाचा चुंबकसूचीवर होणारा परिणाम शोधणारे हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांची व्याख्याने त्याने कान देऊन ऐकली. १८३५ मध्ये वडील वारले आणि भट्टीची सारी जबाबदारी चोविशीच्या आतल्या याकोबसेन यांच्यावर आली.

त्या वेळी डेन्मार्कमध्ये जी बिअर होई ती लवकर फसफसणारी, गढूळ आणि लवकर आंबणारी असे. बव्हेरियातील बिअरची गोष्ट वेगळी होती. ती थंडीत सावकाश आंबे, महिनोन् महिने तळघरात मुरे, आणि मग नितळ व टिकाऊ होऊन बाहेर पडे. तिची चव घेतल्यापासून याकोबसेन यांना दुसरे काही सुचेना. पहिले प्रयोग त्यांनी घरीच केले, तेही आईच्या कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात. मोठ्या उद्योगाचा आरंभ घरगुती हंड्यातून व्हावा, यात तसे नवल नाही. मात्र त्या हंड्यातून हवी तशी बिअर काही उतरेना.

अडचण यीस्टची होती. ज्याप्रमाणे दह्याचा गुण विरजणावर अवलंबून, त्याप्रमाणे बिअरचा यीस्टवर. डेन्मार्कमधले यीस्ट उबेत काम करणारे आणि फेसाबरोबर वर येणारे. बव्हेरियातले थंडीत काम करून तळाशी बसणारे. हे विरजण ज्यांच्या घरी होते त्यांच्याकडूनच ते आणावे लागणार होते.

म्युनिकच्या श्पाटेन भट्टीचे गाब्रिएल झेडलमायर हे याकोबसेन यांच्याच वयाचे. बव्हेरियन बिअरचे ते त्या काळातील मोठे जाणकार. गंमत अशी, की त्यांचे स्वतःचे ज्ञान काही अंशी चोरीचे होते. १८३३ मध्ये व्हिएन्नाजवळच्या भट्टीचे आंतोन ड्रेहेर यांच्यासह ते इंग्लंडमधील भट्ट्या पाहात हिंडले, तेव्हा पोकळ काठीतून कच्च्या रसाचे नमुने त्यांनी यजमानांच्या नकळत पळवले होते. चोरून शिकलेला हा गुरू स्वतः शिकवताना मात्र हातचे काही राखीत नसे. याकोबसेन यांना त्यांनी आपल्या भट्टीतील पद्धती दाखवल्या आणि १८४५ मध्ये यीस्टची दोन भांडी भरून दिली.

म्युनिक ते कोपनहेगन हा सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास बराचसा घोडागाडीचा होता. उष्णतेने यीस्ट मेले असते तर सारेच फुकट गेले असते. म्हणून गाडी जिथे जिथे थांबे, तिथे तिथे याकोबसेन खाली उतरून भांड्यांवर थंड पाणी ओतीत. यीस्ट जिवंत पोहोचले. कोपनहेगनच्या तटबंदीखालच्या तळघरांत बिअर मुरवण्याची परवानगी त्यांनी मिळवली आणि पुढे शहराबाहेर वाल्बी येथील टेकडीवर नवी भट्टी उभारली. १० नोव्हेंबर १८४७ रोजी तेथे पहिली बिअर रटरटली. पाच वर्षांच्या मुलाच्या नावावरून तिला नाव दिले कार्ल्सबर्ग, म्हणजे कार्लची टेकडी.

पैसा भरपूर आला. पण याकोबसेन यांचा ओढा विज्ञानाकडेच राहिला. लुई पाश्चर यांच्याविषयी त्यांना विलक्षण आदर होता. १८७५ मध्ये त्यांनी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन केली आणि पुढच्या वर्षी तिच्या पाठीशी एक प्रतिष्ठान उभे करून त्याची सूत्रे डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीच्या हाती सोपवली. प्रयोगशाळेला त्यांनी घातलेली अट व्यापाऱ्याच्या रक्ताला मानवणारी नव्हती: तेथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही.

या अटीची कसोटी १८८३ मध्ये लागली. खुद्द कार्ल्सबर्गचीच बिअर बिघडू लागली. तिला कडवट चव आणि दुर्गंधी येऊ लागली. प्रयोगशाळेतील एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी दाखवून दिले, की केवळ जंतूंनीच नव्हे, तर चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेल्या रानटी यीस्टनेही बिअर नासते. त्यांनी यीस्टचे मिश्रण इतके विरल केले की एकच पेशी वेगळी निघावी, आणि त्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते भट्टीत वापरात आले. हा शोध तिजोरीत ठेवला असता तर कार्ल्सबर्गला प्रतिस्पर्धीच उरले नसते. याकोबसेन यांनी पद्धत प्रसिद्ध होऊ दिली आणि मागेल त्याला, अगदी स्पर्धकालाही, यीस्ट विनामूल्य दिले. आज हौसेखातर घरी बिअर करणारा माणूस यीस्टची पुडी विकत आणतो, ती याच शोधाची वंशज. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातील नायट्रोजन मोजण्याची रीत शोधली. अन्नातील प्रथिने मोजण्यासाठी ती आजही वापरली जाते. आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टीही १९०९ मध्ये तिथेच सोरेन्सेन यांनी मांडली. ती पाहायला मात्र याकोबसेन हयात नव्हते.

जगाला विरजण वाटणाऱ्या या माणसाचे पोटच्या मुलाशी मात्र जमले नाही. कार्लला त्यांनी परदेशातील भट्ट्यांत चार वर्षे शिकायला पाठवले आणि १८७१ मध्ये एक नवी भट्टी चालवायला दिली. मुलाला वेगाने वाढायचे होते. तो बिअर कमी दिवस मुरवून जास्त विकू लागला. बापाच्या दृष्टीने हा धर्मद्रोह होता. नफा तूर्त बुडाला तरी चालेल, पण दर्जा आदर्श राहिला पाहिजे, या आशयाचे वचन त्यांनी मृत्युपत्रातच नोंदवून ठेवले होते. भांडण इतके विकोपाला गेले की १८८२ मध्ये कार्लची भट्टी वेगळी झाली. दोन्ही भट्ट्यांमधल्या रस्त्याला मुलाने आपल्या भट्टीचे नाव दिले, बापाने पाश्चर यांचे. आणि दोघेही एकमेकांपेक्षा मोठ्या पाट्या लावीत राहिले. शहाणीसुरती माणसे कोणत्या थराला जातात! भट्टीचा वारसाही मुलाऐवजी प्रतिष्ठानकडे गेला. कार्लच्या जागी कोणीही असता तरी त्याला ते लागले असते.

१८८६ मध्ये बापलेकांत समेट झाला. पुढच्या वसंतात कार्ल आणि त्यांची पत्नी ओटिलिया रोममध्ये असताना वृद्ध याकोबसेन तिथे जाऊन पोहोचले. तेथेच ते आजारी पडले आणि ३० एप्रिल १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राप्रमाणे १८८८ मध्ये जुनी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानच्या ताब्यात गेली. त्यांचे राहते घर पुढे डेन्मार्कमधील थोर विद्वानांसाठी राखले गेले. नील्स बोर तेथे १९३२ पासून १९६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. आणि वारशातून वगळलेल्या कार्लनेही १९०२ मध्ये आपली भट्टी वडिलांच्याच प्रतिष्ठानला देऊन टाकली.