वसईचा दुभाषी आणि नागासाकीची टेकडी

भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपणा सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या रक्तसाक्षित्वाविषयी आपण प्रवचनांतून ऐकतो. मात्र ज्या कामामुळे ते त्या मरणापर्यंत पोहोचले, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. ते दुभाषी होते. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आणि चाकणच्या कारखान्यांत जपानी भाषेच्या बळावर नोकरी करणारे मराठी तरुण आज आपल्याला भेटतात. सव्वाचारशे वर्षांपूर्वी हेच काम वसईचा एक सुपुत्र करीत होता, हे त्यांनाही ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई येथल्याच मातीतली. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास मिशनऱ्यांसमवेत जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनोमन इच्छा होती; ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन त्यांनी व्यापार आरंभिला आणि त्यात त्यांचा चांगला जमही बसला. तथापि जीवाची तहान भागली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात शिरले व १५८८ मध्ये त्यांनी व्रते घेतली. धर्मगुरू न होता ते अखेरपर्यंत साधे बंधू राहिले.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठविले. सोबत भाषा जाणणारा माणूस हवा होता, आणि अशा रीतीने गोन्सालो पुन्हा जपानच्या भूमीवर उतरले. दरबारात शब्द फादरांचे, वाणी गोन्सालोंची. क्योटो येथे फ्रान्सिस्कनांनी चर्च व रुग्णालय उभारले. तीन वर्षे बरी गेली. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून उद्भवलेल्या संशयाने हिदेयोशी खवळला आणि त्याने मिशनऱ्यांच्या वधाची आज्ञा दिली.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर थंडीत, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. शिक्षेचा फलक पुढे चालत होता. प्रारंभी चोवीस जण होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक, त्यांत बारा वर्षांचा लुडोविकोही होता. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक काय बोलतात, कोण हसते, कोण हळहळते, हे परदेशी बंधूंपैकी गोन्सालो यांना सर्वांत अधिक कळत असणार. अज्ञानाचा दिलासा त्यांना नव्हता. एका दिवसाचे धैर्य मनुष्य कसेबसे गोळा करतो. महिनाभर रोज सकाळी उठून मरणाच्या दिशेने पावले टाकायची, तर त्यासाठी परमेश्वराने दिलेल्या सार्वकालिक जीवनाच्या वचनावर रोज नव्याने विसंबावे लागते. प्रस्तुत लेखकाला त्यांचे खरे रक्तसाक्षित्व त्या वाटेतच दिसते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. परंपरेनुसार गोन्सालो यांना सर्वांआधी क्रूसावर चढविण्यात आले. तेथून त्यांनी जमलेल्या लोकांना प्रभूविषयी सांगितले व सोबत्यांना धीर दिला, अशी आठवण ख्रिस्तसभेने जपली आहे. आयुष्यभर इतरांचे बोलणे पोहोचविणाऱ्या या माणसाला त्या दिवशी कोणाचा अनुवाद करायचा नव्हता. मुलांनी स्तोत्र गायिले. पॉल मिकी यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. मग दोन्ही बाजूंनी भाले आले.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. मधल्या काळात, १७३९ मध्ये, वसईचा किल्ला मराठ्यांकडे गेला आणि त्यातील चर्चे ओस पडली. गोन्सालोंचे नाव मात्र गावोगावच्या श्रद्धावंतांनी टिकविले. गास येथील चर्च त्यांना समर्पित आहे. निशिझाकावर १९६२ साली स्मारक उभारण्यात आले. त्यात सव्वीस कांस्यमूर्ती एका रांगेत आहेत, आणि त्यांतील एक मूर्ती आपल्या वसईच्या माणसाची आहे.