पंधराव्या वर्षी आकड्यांच्या नोकरीला लागलेले केरूनाना छत्रे

मानखुर्द : पावसाळा लागला की मुंबईत दोन आकडे रोज कानावर पडतात. कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर. मानखुर्दकरांना मात्र तिसराही आकडा लागतो, तो भरतीचा. घाटावरून मुंबईला निघालेली गाडी वाशीची खाडी ओलांडते आणि पहिलं लागतं ते मानखुर्द. वस्ती सखल आणि खाडी शेजारी. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, वस्तीतच तुंबतं. पाऊस किती झाला आणि भरती किती वाजता आहे, यावर इथं सामान वर उचलायचं की नाही ते ठरतं.

हे आकडे रोज ठरल्या वेळी घ्यायचे आणि लिहून ठेवायचे, ही रीत मुंबईत रुजत होती तेव्हा त्या कामावर एक पंधरा वर्षांचा मराठी मुलगा लागला होता. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना छत्रे म्हणून ओळखू लागला. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, एवढीच त्यांची ओळख आज बहुतेकांना माहीत असते. पण हवा, समुद्र, सूर्य आणि पंचांग या चारही गोष्टी आकड्यांनी समजून घेण्यात या माणसाचं आयुष्य गेलं.

नागावचा मुलगा, कुलाब्याची वेधशाळा

केरूनानांचा जन्म १८२५ सालचा. गाव अलिबाग तालुक्यातलं नागाव. अष्टागरातलं हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांचं, समुद्राला लागून असलेलं. आईवडिलांचं छत्र लहानपणीच गेलं आणि मुलगा चुलत्यांच्या आधाराने मुंबईला शिकायला आला. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांना दोन मोठे शिक्षक लाभले. एक दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे प्रोफेसर ऑर्लिबार. दोघंही गणित आणि खगोल यांत मुरलेले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली होती, ती मुख्यतः ग्रहतारे बघण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४० च्या सुमारास तिथं हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम सुरू झालं. ऑर्लिबार साहेब त्याचे प्रमुख. त्यांनी आपल्या या हुशार विद्यार्थ्याला मदतनीस म्हणून घेतलं. पुढची सुमारे दहा वर्षं केरूनाना त्या कामात होते.

काम ऐकायला सोपं, करायला कठीण. हवेचा दाब किती, उष्णता किती, ओल किती, वारा कुठून, पाऊस किती, चुंबकसूची कुठे सरकली, हे घड्याळ बघून मोजायचं आणि वहीत लिहायचं. रात्र असो, पाऊस असो, सण असो, वेळ चुकवायची नाही. काल आभाळ भरलं होतं म्हणून आज पाऊस जास्त असणार, असा अंदाज धरून आकडा लिहायचा नाही. भांड्यात जेवढं पाणी आहे तेवढंच लिहायचं. शेतकऱ्याला दूध घालताना मापाचा खरेपणा जसा कळतो, तसाच हा खरेपणा.

पावसाचा मिलिमीटर म्हणजे काय, हेही इथं सांगितलं पाहिजे. सपाट जमिनीवर पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर जेवढं उंच साचेल तेवढा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी, एकरावर चार हजार लिटरच्या वर. मापन अगदी साधं आहे. त्याची किंमत मात्र एका दिवसाच्या आकड्याला नसते. तेच माप, त्याच जागी, वर्षानुवर्षं घेतलं की मग त्यातून हवामान दिसायला लागतं.

पदवी नाही, पण प्रोफेसर

मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. केरूनानांचं शिक्षण त्याआधीचं, त्यामुळे पदवीचा प्रश्नच नव्हता. तरीही १८५० नंतर ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. मराठी मुलांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांची पुस्तकं लिहिली. त्या काळी हे विषय मराठीत शिकवायला शब्दसुद्धा नवे घडवावे लागत.

वर्गाबाहेरही त्यांचं सांगणं चालूच होतं. ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी हवा, भरती-ओहोटी आणि कालज्ञान या विषयांवर निबंध वाचले. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला भरती नवीन नव्हती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, हे कोळीवाड्यातलं पोरही सांगतं. आज ज्या वेळेला भरती आली तिच्यापेक्षा उद्याची साधारण पाऊण तास ते तासभर उशिरा येणार, हेही त्याला ठाऊक असतं. पण चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी का चढतं आणि कोणत्या दिवशी किती चढेल याचं गणित मांडता येतं, हे मराठीतून लोकांना सांगणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. आज मानखुर्दपासून ट्रॉम्बेपर्यंतच्या खाडीकाठाला पावसाळ्याआधीच उधाणाच्या तारखा, वेळा आणि मीटरमधली उंची छापून मिळते, ती याच गणितावर.

आभाळाशी न जुळणारं पंचांग

केरूनानांचं सर्वांत गाजलेलं आणि सर्वांत जास्त वाद झालेलं काम पंचांगाचं. जुन्या ग्रंथांवरून केलेल्या पंचांगात ग्रहांची जागा आणि ग्रहणाची वेळ प्रत्यक्ष आभाळाशी जुळत नव्हती. शेकडो वर्षांपूर्वीचे आकडे तसेच वापरत राहिल्यामुळे बारीक चूक साठत साठत मोठी झाली होती. केरूनानांनी नव्या वेधांवर आधारलेलं ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक १८६० मध्ये काढलं. त्यानंतर काही वर्षांत आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने नवं पंचांग निघू लागलं. त्यालाच पटवर्धनी पंचांग म्हणत.

या पंचांगात राशीचक्राची सुरुवात कुठल्या ताऱ्यापासून धरायची, याचं उत्तर केरूनानांनी वेगळं दिलं. त्यामुळे इतरांच्या आणि त्यांच्या गणितात सुमारे चार अंशांचा फरक पडला. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. म्हणजे चार दिवसांचा फरक. पुढे टिळकांनी हाच पक्ष उचलला, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि बाकीच्यांची १४-१५ जानेवारीला. काही वर्षी अधिक महिनाही वेगळा येतो. लोकांना सण बदलणं जड गेलं. बहुतेक घरांनी जुनंच पंचांग ठेवलं. केरूनाना मात्र आपल्या गणितावर ठाम राहिले.

शेतकऱ्याचा या वादाशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं सूर्य ताऱ्यांमध्ये कुठं आहे त्यावर ठरतात. ऋतू मात्र सूर्य उत्तरेकडे किती कललाय त्यावर ठरतो. या दोन्हींत दर ७१-७२ वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. केरूनानांच्या जन्माला आता २०० वर्षं झाली. तेवढ्या काळात नक्षत्रं ऋतूच्या मानाने पावणेतीन दिवस पुढे गेली. एका आयुष्यात हे कळत नाही. आजोबांनी सांगितलेला मृग आणि नातवाचा मृग एकच वाटतो. लिहिलेला आकडा असेल तरच तो फरक सापडतो.

सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ

१८७६ ते १८७८ मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. पाऊस का गेला आणि तो आधी कळला असता का, हा प्रश्न सरकारपासून गावापर्यंत सगळ्यांना पडला होता. हिंदुस्थानचं हवामान खातं १८७५ मध्येच सुरू झालं होतं. त्या वेळी सूर्यावरच्या डागांची चर्चा जगभर जोरात होती. हे डाग साधारण ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. मग पावसाचंही तसंच असेल का, हे अनेक विद्वान तपासत होते. केरूनानांनीही सूर्यावरच्या डागांचा पृथ्वीच्या हवामानावर काय परिणाम होतो, या विषयात लक्ष घातलं आणि त्यावर लिहिलं.

ती आशा पुढे टिकली नाही. १९०४ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ. त्यांनी डागांचे आणि पावसाचे जुने आकडे समोरासमोर ठेवून पाहिले. डागांवरून मान्सूनचा भरवसा धरावा इतका पक्का संबंध त्यात निघाला नाही. पण देशोदेशीच्या तसल्याच जुन्या नोंदी चाळताना त्यांना दुसरी गोष्ट सापडली. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. आज दरवर्षी एल निनोची जी बातमी येते, तिची एक बाजू ही. डागांचा तर्क मागे पडला तरी कुलाब्यासारख्या ठिकाणी कारकुनी चिकाटीने घेतलेले आकडे कामाला आले, कारण ते कुठल्याही तर्काला जुळवून लिहिलेले नव्हते.

केरूनानांना १८७७ मध्ये रावबहादूर किताब मिळाला. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचं निधन झालं. वय ५८. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या टिळकांनी गणित आणि ज्योतिषाची गोडी शेवटपर्यंत जपली.

वही बंद पडली नाही

केरूनानांनी वेधशाळा सोडल्यावरही कुलाब्याची वही चालू राहिली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. कुलाब्याच्या वहीत त्याची नोंद झाली. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी तीच नोंद काढून त्या वादळाचा जोर किती होता याचा हिशेब मांडला.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायचं ठरलं तेव्हा त्यांच्या विजेने चुंबकाची मापं बिघडणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय काम अलिबागला नेलं. पण जुनी जागा लगेच बंद केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली, म्हणजे जुने आणि नवे आकडे जोडता यावेत. अशा रीतीने केरूनानांच्या हाताखालून गेलेलं काम त्यांच्या नागावच्या शेजारी येऊन पोचलं आणि ते आजही चालू आहे.

समुद्राचंही तसंच. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून पाण्याची पातळी मोजली जाते. विसाव्या शतकात ती सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे शंभर वर्षांत साधारण चार बोटं वर आली. अलीकडे जगभरच्या समुद्राचा वाढीचा वेग वर्षाला तीन मिलिमीटरच्या पुढे गेला आहे. डोळ्याला ही वाढ दिसणार नाही. खाडीकाठच्या सखल वस्तीला मात्र उधाणाच्या दिवशी प्रत्येक बोट जाणवतं.

एका भांड्याचा पाऊस सगळ्या गावाचा नसतो

आकडे जपून वापरायचे असतात, हे मुंबईने २६ जुलै २००५ ला पाहिलं. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे एका गुंठ्यावर ९५ हजार लिटरहून जास्त पाणी. कुलाब्याला त्याच वेळेत फक्त ७३ मिलिमीटर. त्यात दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती. कुलाब्याचा आकडा शंभर टक्के खरा होता, पण तो कुलाब्याचा होता. मानखुर्द तर दोन्ही वेधशाळांपासून लांब, खाडीच्या कडेला. त्या पुरानंतर महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते याचसाठी.

गावाकडे हाच प्रश्न पोटाशी येतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याचा रस्ता मोकळा होतो. मंडळात मापक एक, गावं अनेक. मापकाच्या शिवारात ५० मिलिमीटर आणि ओढ्यापलीकडे ढगफुटीसारखा पाऊस, असं होऊ शकतं. मापकाभोवती झाड वाढलं, भांड्यात पालापाचोळा अडकला, तरी आकडा खोटा पडतो आणि त्याची भरपाई शेतकऱ्याच्या खिशातून होते.

यावर उपाय केरूनानांच्या काळाइतकाच जुना आहे. उघड्या जागी नीट बसवलेलं माप, रोज सकाळी एकाच वेळेला वाचन आणि तारीख घालून लिहिलेली वही. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या गच्चीवरही हे होऊ शकतं. अशा वहीने सरकारी निकष लगेच बदलणार नाही. पण आमच्याकडे पाऊस जास्त झाला, असं नुसतं सांगणं आणि दहा वर्षांच्या नोंदी पुढे ठेवणं, यात फरक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे काम जमलं होतं. आजच्या नववी-दहावीच्या मुलांनाही ते जमण्यासारखं आहे.