संत नामदेव

संत नामदेव (जन्म : कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, इ.स. १२७०, समाधी : आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, इ.स. १३५०) हे वारकरी संप्रदायातील थोर संतकवी व कीर्तनकार होत. मराठी अभंगांबरोबरच त्यांनी हिंदी पदरचनाही केली असून त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. विठ्ठलाशी लडिवाळपणे बोलणारा भक्त म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र जीवसृष्टी कोठून आली, तिचा कर्ता तिच्याहून वेगळा आहे काय आणि त्या कर्त्याचे मूळ कोणते, या प्रश्नांचा त्यांनी केलेला विचार त्या मानाने कमी वाचला जातो.

जन्म व घराणे

नामदेवांचे घराणे मूळचे नरसी बामणी येथील. कयाधू नदीकाठचे हे गाव आज नरसी नामदेव या नावाने ओळखले जाते व हिंगोली तालुक्यात मोडते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या ग्रंथांत नरसीचा उल्लेख परभणी जिल्ह्यातील गाव असा आढळतो. जन्म नरसीचा की पंढरपूरचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बालपण पंढरपुरात गेले याविषयी मात्र वाद नाही. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई आणि नारा, म्हादा, गोंदा व विठा हे चार पुत्र असा त्यांचा परिवार होता. जनाबाई याच घरात वाढल्या. व्यवसाय शिंप्याचा होता. पण नामदेवांचे लक्ष धंद्यात कधीच लागले नाही आणि त्यावरून आई व पत्नी यांनी केलेली तक्रार गाथेतील अभंगांत मोकळेपणाने आली आहे.

लहानपणी त्यांनी नेलेला नैवेद्य विठ्ठलाने प्रत्यक्ष खाल्ला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पुढील चरित्र समजण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते. या मुलाचा देव विटेवर उभा होता, त्याच्याशी बोलत होता आणि जेवतही होता.

कच्चे मडके

परंपरेने सांगितलेली कथा अशी की, संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबा कुंभार यांनी मडकी तपासण्याच्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव रागावले, आणि हे मडके अजून कच्चे आहे, असा निवाडा गोरोबांनी दिला. देवाशी नित्य बोलणाऱ्या भक्ताला भरसभेत कच्चा ठरवले जाणे हा साधा अपमान नव्हता. देव एका मूर्तीपुरता, एका गावापुरता पाहण्याची त्यांची सवयच येथे अपुरी ठरली होती.

औंढा नागनाथ येथील गुरुभेट

गुरूच्या शोधात नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडे गेले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे हे स्थान आजच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून पडलेले पाहून नामदेवांना संताप आला. जेथे पिंडी नाही अशा ठिकाणी माझे पाय ठेव, असे विसोबांनी त्यांना सुचवले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत, तेथे पिंडी प्रकट होई. कथा चमत्काराची असली तरी तिचा आशय तर्काचा आहे : देव सर्वत्र असेल तर पाय ठेवायला रिकामी जागा उरत नाही, आणि तो एकाच दगडात असेल तर त्याला सर्वव्यापी म्हणता येत नाही.

विसोबांच्या उपदेशाविषयीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. दगडाचा देव बोलत नाही आणि घाव बसला की फुटतो, इतक्या कठोर शब्दांचा त्यात वापर आहे. माणसाने छिन्नीने घडवलेल्या वस्तूला आपला निर्माता मानावे काय, असा प्रश्न त्यांतून आपोआप उभा राहतो. गुरू ग्रंथ साहिबातील एका पदातही हाच मुद्दा येतो : एका दगडाची पूजा करायची आणि दुसऱ्यावर पाय द्यायचा, तर पहिला देव असल्यास दुसराही देवच का नाही?

औंढ्याशी आणखी एक कथा निगडित आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळाच्या मागे जाण्यास सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मंदिराच्या मागील बाजूस असण्याचे कारण म्हणून भाविक ही कथा सांगतात. गुरू ग्रंथ साहिबातील एका पदात, हसतखेळत देवळात आलेल्या नामदेवांना जातीवरून उठवले गेले आणि देऊळ फिरले, असे आले आहे. तेथे गावाचे नाव नाही.

भ्रमण

ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. इ.स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगावरील नामदेवांचे अभंग आणि त्यांची आदि व तीर्थावळी ही प्रकरणे यांतून ज्ञानेश्वरांचे चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले. पुढे ते उत्तरेकडे गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले, असे मानले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावी भरले होते. १६०४ साली गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची पदे त्यात घेतली गेली. त्या पदांत बीठल हे नाव जसेच्या तसे भेटते.

कर्ता आणि कर्त्याचे मूळ

रामकली रागातील एका पदात नामदेव थेट आरंभाचाच प्रश्न विचारतात. आई नव्हती, बाप नव्हता, देह नव्हता, कर्मही नव्हते, मी नव्हतो आणि तू नव्हतास, तर कोण कोठून आले? चंद्र-सूर्य नव्हते, वेदशास्त्रेही नव्हती, मग कर्म कोठून उत्पन्न झाले? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताची येथे आठवण होते. परंतु नामदेवांचा रोख अधिक अडचणीचा आहे. जन्म कर्मामुळे मिळतो असे म्हणावे, तर कर्म करण्यास आधी देह हवा. मग पहिला देह कोणत्या कर्माचा? ब्रह्मसूत्रात संसार अनादी आहे असे सांगून ही अडचण सोडवली आहे. नामदेव या पदात त्या उत्तराचा आधार घेत नाहीत. सद्गुरूने परमतत्त्व दाखवले, एवढेच सांगून थांबतात. याच पदात खेचर हा शब्द आला आहे. तो योगातील परिभाषेचा असला तरी मराठी वाचकाला तेथे विसोबांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

मडक्यावरून कुंभाराचे अनुमान करावे, तसे जगावरून ईश्वराचे करावे, हा नैयायिकांचा प्रसिद्ध युक्तिवाद. त्यावर स्वाभाविक आक्षेप असा की, मग त्या कुंभाराला कोणी घडवले? नामदेवांची पदे मातीकडे पाहतात. हत्ती आणि मुंगी ही एकाच मातीची निरनिराळी भांडी आहेत, आणि स्थावर-जंगम, किडा-पतंग या सर्वांत राम भरलेला आहे, असे ते सांगतात. लाटा, फेस व बुडबुडे पाण्याहून वेगळे नाहीत, असा दृष्टान्त अन्यत्र आहे. प्रभाती रागातील एका पदात तर कर्त्याला ते अकुल, म्हणजे ज्याला कुळ नाही असा, म्हणतात. जीवाची ज्योत कोणी जाणत नाही आणि माती जशी कुंभरूपाने प्रकटते तसा विठ्ठल स्वतःच कर्ता आहे, असा त्या पदाचा आशय आहे. ज्याला कुळ नाही त्याचा बाप शोधता येत नाही. कर्त्याला कोणी केले, हा प्रश्न नामदेव शब्दशः विचारीत नाहीत; पण घडवणारा व घडलेले असे दोन पक्षच ते मानीत नसल्याने त्या प्रश्नाची धार बोथट होते. हे तार्किक खंडन नव्हे. अनुभवाचे हे विधान निरीश्वरवाद्याला पटेलच असे नाही.

त्याच काळातील महानुभाव पंथाची भूमिका निराळी होती. त्या पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत. परमेश्वर जीवाला उत्पन्न करीत नाही, त्याचा उद्धार करतो.

आसा रागातील एक पद या विचाराची व्यावहारिक बाजू दाखवते. देवाच्या स्नानाला घागर भरून आणावी, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच नांदत आहेत. फुले आणावीत, तर भुंग्याने त्यांचा वास आधीच घेतला आहे. दुधाची खीर करावी, तर ते वासराने आधीच उष्टावले आहे. विठ्ठल त्या सर्वांत असल्यामुळे पूजा कोणी कोणाची करावी, हा पेच उरतो.

समाधी

एवढे झाल्यावरही नामदेवांनी विटेवरच्या विठ्ठलाला सोडले नाही. मूर्तीविषयी इतके कठोर लिहिणारा कवी अखेर पंढरपूरलाच परतला, ही विसंगती अभ्यासकांनी निरनिराळ्या रीतींनी उलगडली आहे. गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली असल्याने प्रत्येक अभंग कोणाचा, हे ठरवणेही सोपे नाही. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामात भिंत कोसळून संत चोखामेळा मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. देवळात जाण्यास ज्यांना मज्जाव होता, त्या चोखोबांना देवासमोर ही जागा मिळाली. इ.स. १३५० मध्ये नामदेवांनी याच महाद्वारी समाधी घेतली. दर्शनाला जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्याला लागावेत, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. ती पायरी नामदेव पायरी म्हणून प्रसिद्ध आहे.