लोकांच्या तिजोरीचा पहारेकरी : सर फेरोजशहा मेहता

नगरपालिकेच्या निवडणुका आल्या म्हणजे प्रत्येक उमेदवार काटकसरीचें नांव घेतो. कर वाढूं देणार नाहीं, उधळपट्टी बंद करूं, असें सांगणें फार सोपें आहे. कारण सांगणाराच्या पदरची त्यांत एक पैहि खर्च होत नाहीं. परंतु लोकांच्या पैशाची राखण म्हणजे नेमकें काय, आणि ती मनापासून करूं पाहणाराच्या वांट्याला काय येतें, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं सर फेरोजशहा मेहता यांचें चरित्र पाहावें. राष्ट्रीय सभेचे पुढारी म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. त्याविषयीं आज आम्ही लिहीत नाहीं. चाळीस वर्षांहून अधिक काळ मुंबई शहराच्या कारभारावर त्यांनीं जी नजर ठेविली, तिच्याविषयींच येथें चार शब्द सांगावयाचे आहेत.

फेरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत एका पारशी व्यापाऱ्याच्या घरीं झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिक्षण पुरें करून ते विलायतेस गेले व १८६८ सालीं बॅरिस्टर होऊन परत आले. त्या वेळीं शहराची स्थिति विलक्षण होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढून मुंबईंत पैशाचा पूर आला होता. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरला व कित्येक पेढ्या बुडाल्या. नेमका त्याच सालीं नवा कायदा होऊन आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. गृहस्थ मोठे धडाडीचे. रस्ते, गटारें, मंडई यांचीं कामें त्यांनीं झपाट्यानें हातीं घेतलीं व शहराचें आरोग्यहि सुधारलें. परंतु हात सैल असल्यामुळें खर्च उत्पन्नाबाहेर गेला. देखरेख करणारे जस्टिस ऑफ दि पीस हे सरकारनें नेमलेले असत. करदात्यांस त्यांना जाब विचारण्याचा अधिकार नव्हता. अखेर १८७१ सालीं करदाते खवळून उठले.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें फेरोजशहांनीं या प्रश्नावर एक निबंध वाचला. वय अवघें सव्वीस. श्रोत्यांना क्रॉफर्डसाहेबांची निंदा ऐकावयाची होती. टाळ्या मिळवावयाच्या असत्या, तर ती वाटेल तितकी करतां आली असती. परंतु फेरोजशहांनीं निराळेंच प्रतिपादन केलें. एक मनुष्य घालवून हिशेब सुधारत नाहीं, दोष व्यवस्थेंत आहे. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, मात्र त्याच्यावर करदात्यांनीं निवडलेल्या मंडळाची हुकमत असावी, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आमच्या व्यापारी वाचकांस हें सहज पटेल. दुकानांत मुनीम दहा असले म्हणजे तूट कोणाच्या नांवें लिहावी तें कळत नाहीं. आणि मुनीम एक असून मालक कीर्द-खतावणी उघडीत नसला, तरी दिवाळें ठरलेलेंच. नगराचा मालक करदाता. पण त्या दिवशीं सभेस हें रुचलें नाहीं व वक्त्यास लोकांचा रोष पत्करावा लागला.

१८७२ सालीं नवा कायदा झाला. चौसष्ट सभासदांच्या कार्पोरेशनांत निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. या कार्पोरेशनशीं फेरोजशहांचा जो संबंध जडला तो मरेपर्यंत तुटला नाहीं. चार वेळां ते अध्यक्ष झाले. पुढें नव्या कायद्याचा मसुदा कायदेकौन्सिलांत आला, तेव्हां काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनीं त्यांतील कलमें बारकाईनें तपासलीं व कमिशनराचे अधिकार कार्पोरेशनच्या बरोबरीचे करण्याचा बेत हाणून पाडला. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईस आजहि लागू आहे.

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. १८९२ सालीं तानशाचें पाणी शहरास मिळालें, तें मोठा खर्च पत्करूनच. मात्र जो भार आपला नव्हे तो करदात्यांच्या माथीं मारूं द्यावयाचा नाहीं, हा फेरोजशहांचा निर्धार होता. सरकार पोलिसांच्या खर्चाचा वांटा म्युनिसिपालिटीकडून घेत असे; पोलीस सरकारच्या हुकमतींतले, तर त्यांचा पैसाहि सरकारनेंच द्यावा, असा वाद त्यांनीं वर्षानुवर्षें चालविला. १९०७ सालीं कायदा होऊन तो खर्च सरकारनें आपल्याकडे घेतला व मोबदल्यांत प्राथमिक शिक्षणाचा भार शहराकडे आला. शिपायाच्या दंडुक्यावर जाणारा पैसा मुलांच्या पाटीकडे वळला, याहून चांगली काटकसर कोणती?

त्याच सालीं त्यांस निवडणुकींत पाडण्याचा कट झाला. अकौंटंट-जनरल हॅरिसन यांच्या पुढाकारानें कांहीं अधिकारी व त्यांचे मित्र एकत्र आले. जस्टिसांनीं सोळा जागा भरावयाच्या होत्या. फेरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला. परंतु निवडून आलेल्यांपैकीं एका गृहस्थाचा म्युनिसिपालिटीच्या मक्त्याशीं संबंध असल्यामुळें त्याची निवड कोर्टांत रद्द ठरली व ती जागा फेरोजशहांस मिळाली. ज्याचा मक्ता त्यानें तो मंजूर करणाऱ्या सभेंत बसूं नये, हा नियम केवढा मोलाचा आहे, हें त्या प्रसंगानें सर्वांस दिसून आलें.

फेरोजशहा निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. स्वभाव हुकमी होता, विरोध त्यांस सहन होत नसे. ज्या मतदारांच्या जोरावर ते बोलत तेहि थोडेच. मताचा हक्क कर भरणाऱ्या मूठभर लोकांपुरता होता, गिरणींतल्या मजुरास तो नव्हता. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं ते निवर्तले. १९२३ सालीं म्युनिसिपल कचेरीसमोर त्यांचा पुतळा बसविण्यांत आला; तो आजहि तेथें उभा आहे.

आतां मताचा हक्क प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास आहे, म्हणून जबाबदारीहि प्रत्येकाची आहे. आमच्या वाचकांस एवढीच विनंति, कीं काटकसरीचें वचन देणारा उमेदवार दारीं आला म्हणजे त्यास तीन प्रश्न विचारावे. गेल्या सालचें अंदाजपत्रक त्यानें वाचलें आहे काय? कोणत्या मक्त्यांत त्याचा अगर त्याच्या आप्तांचा हात आहे काय? आणि लोक रागावले असतां त्यांस न आवडणारा हिशेब सांगण्याची त्याची छाती आहे काय? या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यावांचून आपलें मत कोणासहि देऊं नये. आपल्या दुकानाची किल्ली आपण अनोळख्याच्या हातीं देत नाहीं. नगराच्या तिजोरीची तरी कां द्यावी?