धूळ खात पडलेल्या बाटल्यांतून थेट नोबेल! कोण होते ओटो वालाख?

लिंबाची साल, कापूर, टर्पेंटाइन. वास वेगळे, पण रसायनांचं घराणं एकच : टर्पीन. या घराण्याची ओळख पटवली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांनी.

जन्म १८४७, कोनिग्सबर्ग. बॉन विद्यापीठात त्यांच्या गळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवण्याचं काम पडलं. तिथल्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या तशाच पडून होत्या. वालाख यांनी त्या मागितल्या. यातून काही निघेल, असं ख्यातनाम प्राध्यापक केकुले यांना वाटत नव्हतं.

तेव्हा गोंधळ असा होता की, झाड बदललं की त्याच द्रव्याला नवं नाव मिळायचं. त्यात बहुतेकांचं सूत्र एकच, सी१०एच१६! मग ओळखायचं कसं? वालाख यांची युक्ती साधी, पण वेळखाऊ होती. तेलातल्या द्रव्यावर ब्रोमिनसारख्या रसायनाची क्रिया करून स्फटिक मिळवायचे. स्फटिक शुद्ध करणं आणि त्यांचा वितळणबिंदू मोजणं सोपं. वितळणबिंदू जुळला की द्रव्यही बहुधा तेच. अशी अनेक फुकटची नावं गळाली. पाच कार्बनच्या आयसोप्रीनचे तुकडे जोडून टर्पीन बनतात, हेही त्यांनीच मांडलं.

१९१० मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात त्यांचे सहा सहायक मारले गेले. १९१५ मध्ये वालाख निवृत्त झाले आणि १९३१ मध्ये गटिंगनला त्यांचं निधन झालं.